ळ नसलेला तक्ता

आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या अंगाला अक्षरांचा तक्ता टांगलेला असे. वरखाली पत्र्याची पट्टी, मध्ये चौकटीचौकटीत चित्रं: अनारचा अ, आमचा आ, आणि शेवटी ज्ञानीचा ज्ञ. जुलैत नवा तक्ता यायचा आणि होळीपर्यंत त्याच्या कडा पिवळ्या पडायच्या. तक्ता हिंदीचा. ह झाला की थेट क्ष. मध्ये ळ नव्हता.

सौंसर तहसिलीतल्या एका छोट्या मिशन शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. शाळेचं नाव इथे घालत नाही. तिथली माणसं अजून तिथे आहेत. पहिली ते आठवी, एका इयत्तेची एकच तुकडी, आवाराच्या कोपऱ्यात सिस्टरांचं घर, आणि प्रार्थनेची एक लांबट खोली, तिच्या माथ्यावर क्रूस. सिमेंटच्या खांबाला टांगलेला रुळाचा तुकडा हीच आमची घंटा. कॅथलिक घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. बाकीची मुलं शेतकऱ्यांची, दुकानदारांची, संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्यांची. घरी सगळी मराठी बोलायची. कुणी ‘सकाळ’ म्हणे, कुणी ‘सकाय’. कुणी ‘शाळा’, कुणी ‘शाया’. आमच्याकडे घरोघरी ळ असा बदलत जातो, तरी ती मराठीच.

दाखिल-खारिजच्या वहीत एक रकाना होता: मातृभाषा. पहिल्या वर्षी दाखले लिहायला मला बसवलं होतं. समोरचा बाप टोपी हातात घेऊन उभा. मी विचारलं, “भाऊ, घरी काय बोलता?” तो म्हणाला, “आता बोलून रायलो तेच ना बाई.” मी मराठी लिहिलं. मग आधीची पानं चाळली. मागच्या कितीतरी वर्षांचा रकाना वरपासून खालपर्यंत ‘हिंदी’नं भरलेला होता, पहिल्या ओळीत शब्द आणि खाली नुसती दोन टिंबं, ‘तेच ते’ सांगणारी. त्या टिंबांखाली माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया, आत्या, काका होते. पोरींच्या आया आमच्याच शाळेत शिकलेल्या. त्यांच्या नावापुढेही टिंबं.

या एका रकान्यामुळे मी या शाळेच्या मागे किती वर्षं आहेत ते शोधायला लागले. शाळा छोटी असली तरी तिच्या मागचा रस्ता फार लांबचा निघाला.

आधी एक शब्द सांगते, कारण सीमेवर राहणाऱ्यांना तो रोज अडतो. आमच्या शाळेच्या पाटीवर ‘प्राथमिक एवं माध्यमिक शाला’ लिहिलं होतं. मध्य प्रदेशात माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी. सीमा ओलांडून नागपूर जिल्ह्यात गेलं की माध्यमिक म्हणजे नववी-दहावी. एक मुलगी आठवी करून आजीकडे काटोलला गेली. तिच्या टीसीवर ‘माध्यमिक उत्तीर्ण’ वाचून तिकडचे गुरुजी बराच वेळ गोंधळले, मग कागदावर दुसऱ्या राज्यातल्या शिक्षणाधिकाऱ्याची सही हवी म्हणून तिचा बाप दोनदा छिंदवाड्याला जाऊन आला. घाट चढायचा, सही घ्यायची, घाट उतरायचा. आमचे म्हातारे हा गोंधळ करत नसत. त्यांच्या तोंडी ‘मिडल’ हा शब्द होता, मध्य प्रांताच्या काळातला. प्रायमरी, मग मिडल, आणि ज्याचा बाप पैसेवाला त्याला इंग्रजी शिकवणारं ए.व्ही. स्कूल. माझे वडील मराठी मिडल पास होते, सौंसरलाच. छिंदवाडा जिल्ह्यात, मराठी मिडल. त्यांना त्यात काहीच नवल वाटत नसे.

नवल नव्हतंच. सिल्लेवानीचा घाट उतरला की जमीन काळी होते, कापूस दिसू लागतो आणि बोली बदलते. १९०७ साली आर. व्ही. रसेल यांनी छिंदवाडा जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं तेव्हा पांढुर्णासुद्धा सौंसर तहसिलीतच होतं, आणि हा घाटाखालचा मुलूख वरच्या पठारापेक्षा वेगळा आहे हे सरकारला चांगलं ठाऊक होतं. आमचं पाणीही नागपूरकडेच वाहतं. पांढुर्ण्याची जाम नदी, जिच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, ती पुढे कन्हानला मिळते. कन्हान वाहत वाहत कामठीवरून जाते. आणि आमच्या शाळेसारख्या शाळांची या भागातली गोष्ट कामठीपासूनच सुरू होते.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले, आणि पुढे १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी कामठीची छावणी उभारली. छावणीत फौज होती मद्रासची. हे मला कळलं तेव्हा फार दिवसांचा एक प्रश्न सुटला. नागपूरचे कॅथलिक पाद्री मुंबईहून यायला हवेत, गोव्याहून यायला हवेत; ते विशाखापट्टणमहून का आले? कारण फौजेचा माग तिकडून होता. आयरिश गोरे सोल्जर कॅथलिक होते, मद्रासकडच्या शिपायांच्या आणि नोकरांच्या घरांत तमिळ बोलणारे कॅथलिक होते. ती माणसं जिथे गेली तिथे पाद्री गेला. आणि जिथे पाद्री टिकला तिथे चार मुलं गोळा करून शाळा निघाली.

विशाखापट्टणमचं मिशन चालवत होते सॅव्हॉयचे पाद्री. आल्प्सच्या पायथ्याचा हा मुलूख १८६० पर्यंत फ्रान्सचा नव्हता, सार्डिनियाच्या राजाचा होता. तिथल्या अ‍ॅनेसी गावी पीटर मेर्मिए नावाच्या धर्मगुरूंनी १८३८ साली एक संघ काढला आणि त्याला तिथल्याच एका जुन्या बिशपांचं नाव दिलं: सेंट फ्रान्सिस डी सेल्स. त्या संघाचे लोक १८४६ च्या सुमाराला विशाखापट्टणमला उतरले. त्यांच्या पदरात पडलेला प्रदेश बंगालच्या उपसागरापासून पार नागपूरपर्यंत पसरलेला होता. बैलगाडीनं, घोड्यावरनं ही माणसं एवढं अंतर तुडवत. स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप नागपुरात शाळा चालवू लागले तोही हाच काळ. पण ते प्रॉटेस्टंट, त्यांची वाट निराळी.

१८७० साली नागपुरात कॅथलिकांची शाळा सुरू झाली, आजची सेंट फ्रान्सिस डी सेल्स, आपली एस.एफ.एस. १८८७ साली नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि अलेक्सिस रिकाझ पहिले बिशप झाले. नागपूरकर ज्या टेकडीला सेमिनरी हिल्स म्हणतात, तिथे पाद्री घडवणारी सेमिनरी आहे म्हणून ते नाव. फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते आठवत असेल कोण जाणे.

या शाळांमध्ये आधी इंग्रजी आली. मुलं होती गोऱ्या सोल्जरांची, अँग्लो-इंडियनांची, १८६७ ला नागपूरला रेल्वे पोचल्यावर रेल्वेवाल्यांची. त्यांच्या घरची भाषा तीच, किंवा तिच्या जवळची. तेव्हा शाळेनं मुलांच्या तोंडची भाषाच वर्गात घेतली होती, असंच मी मानते. पुढे मुलं बदलली, वर्ग मराठी घरांतल्या मुलांनी भरले, आणि इंग्रजी मात्र होती तिथेच राहिली. लोकांना ती हवी होती हेही खरं. आमच्याकडे अजूनही कुठल्याही इंग्रजी शाळेला ‘कानमेंट’ म्हणतात. चालवणारा मारवाडी असो, कुणबी असो, पाटीवर एखादा सेंट असला की झालं.

ज्या बिशपांचं नाव या शाळांना आहे, त्या फ्रान्सिस डी सेल्स यांची एक गोष्ट मला आमच्या पहिल्या मुख्याध्यापक सिस्टरांनी सांगितली होती. ते १६२२ साली वारले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी आठ वर्षं. तरुणपणी त्यांना अशा भागात पाठवलं होतं जिथे त्यांचं प्रवचन ऐकायला कुणी येत नसे. मग ते मजकूर हातानं कागदावर लिहीत आणि लोकांच्या दाराखालून आत सरकवत. १९२३ मध्ये पोपनी त्यांना लेखकांचे आणि पत्रकारांचे पालक संत ठरवलं ते यामुळे. पण सिस्टरांना आवडायची ती दुसरी गोष्ट. त्यांच्याकडे कामाला एक बहिरा माणूस आला. त्याला धर्म शिकवायचा तर शब्द कसे पोचणार? तेव्हा बिशपांनी त्याच्यासोबत बसून हातांच्या खुणा बसवल्या, त्या आधी स्वतः शिकले, मग त्याला शिकवलं, अशी कथा सांगतात. बहिऱ्यांचेही ते पालक संत आहेत.

ही गोष्ट मी फार दिवस मनात घोळवली.

कॅथलिक शाळांच्या इतिहासात हाच धागा पुन्हा पुन्हा सापडतो. फ्रान्समध्ये रेम्स गावी १६८० च्या आसपास जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. तोवर वाचन लॅटिनपासून सुरू व्हायचं. सुताराच्या पोरानं आधी लॅटिन अक्षरं घोकायची, समजो न समजो. द ला साल यांनी फ्रेंचपासून सुरुवात केली. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सगळा वर्ग एकदम शिकवायची रीतही त्यांच्या शाळांनी रुजवली. आज आम्ही ज्याला वर्ग म्हणतो, रांगेत बसलेली चाळीस मुलं आणि एक फळा, त्यात त्यांचा मोठा हात आहे.

आणि मराठीत? मराठीत तर त्याच्याही आधीचं उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. साष्टीच्या खेड्यांत त्यांनी आयुष्य काढलं, लोकांची भाषा इतकी आत्मसात केली की १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, मराठीत, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. देवनागरीचे खिळे तेव्हा तिथे नव्हते, म्हणून ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. रोमन लिपीतही ळ नाहीच. गोव्यातल्या रोमन लेखनात त्यासाठी एल हे अक्षर दोनदा लिहायची रीत पडली. लिपीत अक्षर नव्हतं, तरी आवाज सोडला नाही. अहमदनगर जिल्ह्यात केंदळला हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. तिकडच्या खेड्यांतल्या मिशनशाळा मराठीच होत्या. अस्पृश्य म्हणून बाहेर बसवलेली मुलं तिथे पहिल्यांदा पाटी घेऊन आत बसली. वसईकडे पहा. चर्च, शाळा, मासिकं, सगळं मराठीत. नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडले. एक फादर, आणि मराठी साहित्याच्या व्यासपीठाच्या मधोमध. २०२४ च्या जुलैत ते गेले.

तर मग आमच्या तहसिलीतच हे का झालं नाही? वसईला जे जमलं, केंदळला जमलं, ते सौंसर-पांढुर्ण्याला का नाही?

माझं उत्तर एका सालात आहे: १९५६. १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, पुढे १९६० ला महाराष्ट्रात. नागपूर राजधानी होती ती राहिली नाही. आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, आणि आमची राजधानी भोपाळ झाली. मुलताई, बऱ्हाणपूर, तसेच आम्ही. घाटाखालचं मराठी गाव आणि घाटावरचं हिंदी गाव एका जिल्ह्यात बांधलेलं होतंच. आता त्यांच्यावरचं राज्यही हिंदी झालं. चर्चचा नकाशाही तसाच. नागपूर आमच्यापासून दोन तासांवर, पण आमचा भाग आज जबलपूरच्या धर्मप्रांतात आहे. जबलपूरचं मिशन १९३२ मध्ये वेगळं झालं, ते नेदरलँडच्या नॉर्बर्टाइन पाद्र्यांकडे होतं. १९५४ मध्ये धर्मप्रांत झाला, पहिले बिशप कॉनराड डुबेलमन. ते लोक हिंदी शिकले, मन लावून शिकले, कारण त्यांच्यासमोरची माणसं हिंदी आणि गोंडी बोलणारी होती. त्यांनी त्यांच्या जागी योग्यच केलं. आमची मराठी मात्र या मांडणीच्या अगदी काठावर पडली. प्रार्थना हिंदीत, गाणी हिंदीत. १९६३ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेनं लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा करायला मोकळीक दिली तेव्हा जगभर ज्याला त्याला आपापली भाषा मिळाली. आमच्या लांबट खोलीत लॅटिनच्या जागी हिंदी आली.

त्याच १९५६ मध्ये भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा अहवाल नागपुरात प्रसिद्ध झाला. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला मध्य प्रदेश सरकारनं ती नेमली होती. त्या अहवालावर मतं आजही दोन टोकांची आहेत आणि त्यात मी शिरत नाही. एवढं बघितलंय की त्यानंतर मिशनच्या छोट्या शाळा दबून, सांभाळून राहायला शिकल्या. सरकारी कागदात जे असेल तेच करायचं, वेगळं काही मागायचं नाही. परदेशी पाद्री कमी होत गेले, त्यांच्या जागी केरळच्या सिस्टर आल्या.

आणि त्याच १९५६ मध्ये, राज्यं आखतानाच, सातव्या दुरुस्तीनं राज्यघटनेत कलम ३५०क आलं: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून पुरेशा सोयी द्यायचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा. नकाशा आखणाऱ्यांना कळत होतं की रेघेच्या या बाजूला कुणीतरी राहणार आहे. आमच्यासाठीच लिहिलेलं ते कलम. त्याहून जुनं कलम ३०. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे, असं ते सांगतं, आणि अल्पसंख्याक कुठले, तर धर्मानं असोत वा भाषेनं. आमची शाळा याच कलमावर उभी होती, धर्माच्या अर्धुकावर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणहक्काचा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं ठरवलं, तेही याच कलमाच्या जोरावर. शाळा चालवणाऱ्यांना धर्माचा हक्क, आणि शाळेत बसणाऱ्यांना भाषेचा. दोन्ही एकाच वाक्यात लिहिलेले. एका छपराखाली ते दोन हक्क रोज सकाळी एकमेकांशेजारी उभे राहून ‘हे प्रभो’ म्हणत, आणि एकमेकांना ओळखत नसत.

हे मी एकदा शाळेच्या बैठकीत बोलले. आठवड्याला मराठीचा एक तास द्या, एवढंच मागितलं. पालकांनाच नको असेल, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी पुन्हा मागितलं; तासिकांत जागा नाही, असं सांगितलं. माझं दुखणं आजही तिथेच आहे. पालकांना नको होतं हे अर्धसत्य. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. फीच्या दिवशी ओळीत उभ्या राहिलेल्या आयांना मी विचारलं तेव्हा एक म्हणाली, “पोट्टीले माह्या मायची चिठ्ठी वाचता नाई येत बाई. माही माय वरूडले, मराठीत लिवते.”

एव्हाना केरळच्या एक नव्या सिस्टर आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत तिसरीचा एक पोरगा रडत आला. मुरमाड मैदानावर सपशेल पडला होता. सिस्टरांनी विचारलं, “क्या हुआ?” तो म्हणाला, “टोंगळा फुटला.” सिस्टरांनी त्याचं डोकं पाहिलं, हात पाहिले, तोंड उघडायला लावलं. पोरगा रडतच होता, “टोंगळा, टोंगळा.” मग वर्गातल्या आठ-दहा मुलांनी एकदम आपापला गुडघा उचलून दाखवला. गुडघ्याला आमच्याकडे टोंगळा म्हणतात हे पुण्याच्या माणसालाही सांगावं लागतं. त्या तर कोट्टयमच्या बाजूच्या.

त्या संध्याकाळी त्यांनी शंभर पानी वही काढली आणि टोंगळा हा पहिला शब्द लिहिला. मल्याळम लिपीत. रोज दोनचार शब्द भर पडू लागली. काऊन म्हणजे का. बंडी म्हणजे बैलगाडी. गोटा म्हणजे दगड. भेदरं म्हणजे टमाटर. स्वयंपाकाच्या बाईंकडून त्या उच्चार घोटून घ्यायच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग रिकामा पडायचा, पोरं आयांबरोबर शेतात असायची. आधीच्या सिस्टर गैरहजेरीचा शेरा मारायच्या. या सिस्टर दुपारी सायकल काढून शेताच्या बांधावर जायच्या आणि बायांना विचारायच्या, “कवा येते पोट्टा शायेत?” बाया हसून लोटपोट. पोरं परत यायला लागली. फ्रान्सिस डी सेल्सांच्या बहिऱ्या माणसाची गोष्ट मला तेव्हा नीट कळली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची त्यांना फार धास्ती असे. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. पांढुर्ण्यात त्याच दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव एकमेकांवर दगड चालवतात, तीच गोटमार. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. आमच्या शाळेतली काही पोरं मामाकडे पांढुर्ण्याला असायची. सिस्टर आधीच्या दिवशी वर्गावर्गात जाऊन एकेकाचा हात धरून सांगायच्या, “पोळा बघ, बैल बघ, नदीवर नको जाऊस, बापा.” आणि दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असूनही घंटेच्या खांबाजवळ खुर्ची टाकून बसायच्या.

सिस्टर आल्या त्याच वर्षी पोळ्याच्या सुट्टीची सूचना फळ्यावर लागली: ‘पोला का अवकाश’. पहिलीतल्या एका मुलीनं ती वाचली आणि मला विचारलं, “बाई, हे पोला काय राह्यते?” घरी तिचा लाकडी बैल रंगवून वाळत ठेवलेला होता. त्याच सणाचं नाव ती वाचत होती आणि तिला ते ओळखू येत नव्हतं. सिस्टर दारात उभ्या होत्या. मी त्यांना तक्त्यापाशी नेलं आणि ह अन् क्ष यांच्यामध्ये बोट ठेवून म्हटलं, “इथे एक अक्षर असतं. आमच्यात असतं.” आणि ते उच्चारून दाखवलं.

सिस्टर थबकल्या. मग त्यांनी तोच आवाज काढला, माझ्यापेक्षाही स्वच्छ, जीभ टाळूला पार मागे नेऊन. म्हणाल्या, हे तर आमच्यातही आहे. आमच्या भाषेच्या नावातच आहे. मल्याळम. आणि मग हळू म्हणाल्या की सेमिनारला, ट्रेनिंगला, स्टेशनवर, गेली किती वर्षं सगळे त्यांना विचारतात, सिस्टर, आप मलयालम बोलती हैं? त्या हो म्हणतात. दुरुस्त करायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, अर्ध्या दिवसाची शाळा. सुटल्यावर कुणी घरी जाईना, कारण सिस्टर पहिलीच्या वर्गात स्टुलावर उभ्या होत्या. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा चौकोनी कापलेला, त्यावर जाड स्केच पेननं ळ. ह आणि क्ष यांच्या चौकटी जिथे भेटतात तिथे त्यांनी तो चिकटवला आणि वळून मुलांना विचारलं, प्रत्येक अक्षराला चित्र आहे, याला कशाचं चित्र काढायचं?

मागच्या बाकावरून तिसरीतला तोच पोरगा ओरडला. मग सगळेच ओरडले. सिस्टरांनी तिथेच उभं राहून पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात एक गुडघा काढला, आणि त्यावर लाल पेननं एक खरचटा.